तीच ओळ चौथ्यांदा: लावणीचा अर्थ लावताना सिद्धांताचं काय करायचं?

कातरवेळ

मी मूळची कथकची. गेली काही वर्षं नृत्य शिकणाऱ्या मुलामुलींना नृत्यसमीक्षा शिकवते. या सत्रात वर्गाला एका बैठकीच्या लावणीचं, म्हणजे बसून अदेने रंगवायच्या लावणीचं, चित्रीकरण दाखवलं आणि दोन पानी टिपण लिहून आणायला सांगितलं. एकोणीस टिपणं आली. त्यातल्या चौदांत पहिल्याच परिच्छेदात ‘पुरुषी नजर’ होती. पण ती बाई हाताने काय करत होती, हे एकाही टिपणात नव्हतं.

मुलांना दोष देत नाही. स्त्रीवाद, चिन्हमीमांसा, वसाहतोत्तर विचार हे सगळं आम्हीच आधी शिकवतो आणि नाच नंतर दाखवतो. मग नाच म्हणजे सिद्धांताला जोडायचं उदाहरण होऊन बसतो. हे मला फार लागलं, म्हणून हा धागा.

ती लावणी मी पुण्यातल्या एका लहान सभागृहात समोर बसून पाहिली होती. ओळीचा मतलब इतकाच: रात्र सरत आली, घटकाभर थांबा. मागे बसलेली गाणारी ती ओळ चार वेळा घेते. अदा करणारी बसलेली आहे, एक गुडघा वर, नऊवारीचा काठ पावलावर पसरलेला.

पहिल्यांदा तिने पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि नजर दाराकडे लावली. दुसऱ्यांदा हातातल्या बांगड्या एकेक करून मागे सारल्या, प्रहर मोजावेत तशा. तिसऱ्यांदा समोरच्या एका गृहस्थांकडे थेट पाहिलं आणि ‘थांबा’वर तळहात असा फिरवला की अर्थ झाला ‘निघा आता’. सभागृह हसलं, गृहस्थांनी मान खाली घातली. चौथ्यांदा तिने कोणाकडेच पाहिलं नाही. डावा हात कमरेमागे नेला, पाठ ताठ केली, श्वास सोडला आणि ओळ संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

आता या चार वेळांचा अर्थ लावायचा आहे. पहिल्या दोन वेळांना नायिकाभेदाची, म्हणजे नायिकेच्या अवस्थांच्या वर्गीकरणाची, जुनी परिभाषा छान पुरते. सजून दाराकडे बघणारी वासकसज्जा बघता बघता विरहोत्कंठिता होते. शब्द तेच, सूर जवळपास तोच, बदल फक्त आंगिकात, म्हणजे अंगाच्या हालचालीत. नाट्यशास्त्रकार भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार भाग केले ते इथे कामाला येतात.

तिसऱ्या वेळेला ही परिभाषा कमी पडते, कारण तिथे नायिका नायकाशी बोलत नाही, एक कलावंत एका प्रेक्षकाशी बोलते आहे. इथे माझी मुलं ‘पुरुषी नजर’ आणतात. ती संकल्पना लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या निबंधातली, आणि तो निबंध सिनेमाबद्दल आहे. अंधारात बसलेला, कोणालाही न दिसणारा प्रेक्षक, त्याच्या वतीने बघणारा कॅमेरा आणि पाहिली जाणारी स्त्री. बैठकीत दिवे चालू असतात. बघणारा स्वतः दिसत असतो. ती त्याच्याकडे बघते, त्याला निवडते, चारचौघांत त्याची फिरकी घेते. म्हणजे सिद्धांत जिथे जन्मला तिथली मांडणीच इथे नाही. म्हणून तो टाकून द्यावा असं मी म्हणत नाही. तो कुठे बसत नाही हे नीट पाहिलं तर बैठकीची खोली कशी चालते ते कळतं.

चौथ्या वेळेपाशी मी स्वतः अडकले आहे. थकलं कोण? नायिका की बाई?

जॅनेट अ‍ॅडशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या पुस्तकात नृत्यविश्लेषणाचे चार टप्पे दिले आहेत: घटकांचं वर्णन, रचनेची ओळख, अर्थनिर्णयन आणि मग मूल्यमापन. मी आता वर्गात वर्णनाचा टप्पा सक्तीचा करणार आहे. हालचालीचं एक पान भरल्याशिवाय सिद्धांताचं नाव घ्यायचं नाही. तुम्हाला काय वाटतं?

उंबरा

लेख आवडला, त्या चार वेळांचं वर्णन तर फारच. पण एक प्रामाणिक शंका. एवढं सगळं लागतं का? माझे वडील लावणीचे शौकीन होते. त्यांना मल्व्ही ठाऊक नव्हत्या, पण कुठे दाद द्यायची हे पक्कं कळायचं. आपल्याकडे रससिद्धांत आहे, सहृदय रसिकाची कल्पना आहे. बाहेरून आणलेल्या चौकटींनी त्या अनुभवाचे तुकडे होतात असं मला मनापासून वाटतं. अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅग यांनी १९६४ मध्येच अर्थ लावण्याच्या हव्यासाविरुद्ध लिहिलं होतं ना?

कातरवेळ

उंबरा, सॉन्टॅग यांचा रोख मला पटतो. कलाकृतीच्या पृष्ठभागाचं, रूपाचं बारकाईने वर्णन करा असंच त्या सांगतात आणि मीही तेच मागते आहे.

पण रससिद्धांत हाही सिद्धांतच. अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी काश्मीरात बसून केलेली ती अतिशय काटेकोर मांडणी आहे. तिच्यात आस्वाद घेणारा आपलं ‘मी’पण बाजूला ठेवतो, भाव कोणा एकाचा राहत नाही, साधारण होतो. आता तिसरी वेळ आठवा. मान खाली घालणाऱ्या त्या गृहस्थांचं ‘मी’पण बाजूला झालं नव्हतं, उलट त्याच्यावरच नेम धरला होता. म्हणजे आपल्या घरच्या सिद्धांतालाही ही अदा प्रश्न विचारते. तुमच्या वडिलांची दाद मला मोलाची वाटते. ते नेमकी कुठे दाद द्यायचे ते आठवत असेल तर लिहा, खरंच हवं आहे.

उंबरा

आठवतंय. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठताना नाही, समेच्या जरा आधी, बाई थांबते तिथे. ते म्हणायचे, ‘न केलेलं बघायचं असतं.’

चौफुला_रोड

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे आजोबा संगीत बारीत, म्हणजे वगाशिवायच्या नाचगाण्याच्या तमाशात, ढोलकीला होते. लहानपणी मी कलाकेंद्राच्या मागच्या बाजूला वाढलो, पुढची बाजू फार उशिरा पाहिली.

ताई, तुमचं वर्णन बरोबर आहे, पण एक गोष्ट सांगतो. तिसऱ्या वेळेला तिने त्या माणसाकडे बघितलं, ती नजर उलटवली, असं तुम्ही लिहिता. आमच्याकडे ते कामच आहे. कोणाकडे बघायचं हे ती निवडते हे खरं, पण खाजगी बैठकीत फर्माईश कोणाची आहे आणि दौलतजादा कोण करतंय यावर नजर फिरते. पैसे ठेवणाऱ्याला नजर मिळते. तिची पार्टी असते, पार्टीत सात-आठ माणसं, पेटीवाला, ढोलकीवाला, गाणाऱ्या, त्यांची पोरं. सगळ्यांची भाकरी त्या नजरेवर. तेव्हा तिने बघितलं म्हणजे ती मोकळी झाली, असं लगेच लिहू नका.

आणि असंही लिहू नका की ती बिचारी आहे. चाळ म्हणजे घुंगरू बांधलेल्या बाईसमोर भलेभले चळचळा कापताना मी पाहिलेत. एखादा लगट करायला लागला तर ती एका अदेत त्याला जाग्यावर बसवते आणि त्याला वाटतं आपलं कौतुक झालं. ही अक्कल वर्षानुवर्षांची. आत्या मावश्यांकडून आलेली.

चौथ्या वेळेबद्दल: आमच्याकडे म्हणतात, चांगली अदा करणारी आपला थकवा पण वाजवून घेते. पहाटे तीनला पाठ दुखतेच. ती दुखणारी पाठ लावणीत घालायची. त्यामुळे थकलं कोण या प्रश्नाला उत्तर दोघी.

कातरवेळ

चौफुला_रोड, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘थकवा वाजवून घेते’ हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. आणि नजरेबद्दल तुम्ही माझी दुरुस्ती केलीत ती मान्य. मी बघण्याची दिशा पाहिली, तिचा मोबदला पाहिला नाही.

शेवंती

नेमकं याच ठिकाणी शर्मिला रेगे लागतात, म्हणून लिहिते. ‘काँट्रिब्यूशन्स टु इंडियन सोशिऑलॉजी’ या नियतकालिकात १९९५ मध्ये त्यांचा लावणी कलावतींवरचा लेख आला. त्या पुणे विद्यापीठात शिकवायच्या, २०१३ मध्ये गेल्या. त्या लेखाने मला लावणीकडे बघायला शिकवलं. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: पेशवाईतल्या शाहिरी लावणीने कनिष्ठ जातींतल्या स्त्रीचं शरीर एक तर वासना चेतवणारं किंवा ती भागवणारं म्हणून उभं केलं, आणि हे चित्र केवळ काव्यातलं नव्हतं. कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, श्रमावर आणि शरीरावर हक्क सांगणाऱ्या राज्यव्यवस्थेला ते सोयीचं होतं.

आता लावणी लिहिणारे कोण होते ते बघा. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. लिहिणारे नाना जातींचे. फडावर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया मात्र महार, मांग, कोल्हाटी अशा मोजक्याच समाजांतल्या. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचं नाव शाहीर म्हणून घेतलं जातं. ज्या पवळाबाईने त्यांच्या लावण्या लोकांच्या काळजात घातल्या, तिचं नाव बहुतेक वेळा त्यांच्या प्रेमकहाणीतलं पात्र म्हणून येतं. नृत्यसमीक्षेच्या दृष्टीने हा मोठा अन्याय आहे. शब्द त्यांचे होते, पण अर्थ तिच्या शरीरात घडत होता. आपल्याकडे तिच्या हालचालीचं वर्णन नाही, त्यांचे कवन संग्रह आहेत.

म्हणून ‘नायिका’ हा शब्द वापरताना मला थांबावंसं वाटतं. वासकसज्जा कोणत्या घरातली? जिच्या दाराशी कोण येणार हे तिने ठरवायचं नाही, जिचं लग्न चाळ बांधल्यावर होऊ शकत नाही, तिच्या दाराकडे बघण्याला आपण वासकसज्जा म्हणतो तेव्हा तिची जात आपण सौंदर्यशास्त्राने झाकून टाकतो.

शैलजा पाईक यांचं २०२२ चं पुस्तक इथे आणखी पुढे नेतं. तमाशातल्या दलित स्त्रियांबद्दल लिहिताना त्या ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ हे तीन शब्द मध्यभागी ठेवतात. तीनही आपल्याच बोलण्यातले. त्यामुळे ‘बाहेरून आणलेल्या चौकटी’ ही तक्रार या पुस्तकाबद्दल तरी करता येणार नाही.

उंबरा

शेवंती, कबूल. पण मग एक अवघड वाटतं. जर ही सगळी परंपरा जातीच्या शोषणातून आली, तर मी दाद देतो ती कशाला देतो? माझे वडील कशाला देत होते?

शेवंती

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही आणि मला ते सोपं करायचंही नाही. १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकर देवाला सोडलेल्या मुरळ्या, जोगतिणी अशा स्त्रियांपुढे बोलले. हे जिणं सोडा, आमच्यात यायचं तर सन्मानाने या, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांना आज आपण शोधनिबंधांत ‘प्रतिकार करणारी कलावती’ म्हणतो त्यांच्याच समाजाच्या नेत्याने हे काम सोडायला सांगितलं होतं, हे समीक्षकाने डोक्यात ठेवलंच पाहिजे. आणि ज्यांनी नाही सोडलं, त्यांनी त्या अटींत राहून जी कला घडवली तिला दाद न देणं हाही दुसरा अपमान. मी दोन्ही धरून बसते. तुम्हीही बसा.

चित्रकथी

सिनेमावाला आहे, म्हणून मल्व्हींची बाजू घेतो. बैठकीला तो सिद्धांत बसत नाही हे बरोबर, पण पडद्यावरच्या लावणीला तंतोतंत बसतो. आपल्या तमाशापटांतली कुठलीही लावणी आवाज बंद करून बघा. बाई, मग फेटेवाल्या माणसांचे चेहरे, मग बाईची कंबर, मग पाय, मग परत फेटे. बाईची नजर कोणाकडे गेली हे ठरवणारा संकलक आहे. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, ‘पिंजरा’ १९७२ चा. या काळात लाखो मराठी माणसांनी लावणी पहिल्यांदा पाहिली ती अशी, तुकड्यांत. माझ्या मते बैठक बघायला बसलेला आजचा प्रेक्षकही ते फेटेवाले चेहरे डोक्यात घेऊनच बसतो. तुमच्या मुलांनी ‘पुरुषी नजर’ लिहिलं यात म्हणून काही तथ्य आहे. त्यांनी चित्रीकरण पाहिलं होतं, नाही का? कॅमेरा कोणाचा होता?

कातरवेळ

चित्रकथी, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. आत्ता चित्रीकरण पुन्हा काढून बघितलं. चौथ्या वेळेला कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जवळ गेलेला आहे. कमरेमागे गेलेला हात चौकटीतच नाही! मुलांनी हाताबद्दल लिहिलं नाही कारण शेवटचा हात त्यांना दिसलाच नाही. मी वर्गात त्यांना बोलले, ते मागे घ्यावं लागणार. पदर आणि बांगड्या मात्र दिसतात, तेवढी तक्रार राहते.

परदेशी_पाखरू

न्यू जर्सीहून. मी अठरा वर्षं भरतनाट्यम शिकले, आणि दर गणेशोत्सवात मंडळात लावणीही बसवते. धागा वाचून दोन्हींकडे बघते आहे.

शेवंती जे सांगतात ते भरतनाट्यमच्या बाबतीत आधी घडून गेलं आहे. सदिर, म्हणजे भरतनाट्यमचं आधीचं रूप, नाचणाऱ्या देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया मंचावरून दूर झाल्या, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींची कलाक्षेत्र ही संस्था उभी राहिली, १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. रुक्मिणीदेवींनी शृंगाराला भक्तीची बाजू दिली आणि देवदासी घराण्यातल्या बालासरस्वती शेवटपर्यंत सांगत राहिल्या की शृंगारात शुद्ध करण्यासारखं काही अशुद्ध नाहीच. मला वर्गात पहिली बाजू शिकवली गेली, दुसरी मी तिशीनंतर वाचली. आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही. भरतनाट्यमच्या मार्गम्‌ची, म्हणजे कार्यक्रमातल्या नृत्यांच्या क्रमाची, रचना ज्या तंजावर बंधूंच्या नावावर आहे ते सरफोजी राजांच्या दरबारात होते. मराठे राजे, आणि तिथे नाचासाठी मराठीतही रचना झाल्या.

मला सगळ्यात जास्त धक्का जोआन केआलीइनोहोमोकू यांच्या १९७० च्या आसपासच्या लेखाने दिला. मानववंशशास्त्राच्या डोळ्यांनी बघितलं तर बॅले हेही एका विशिष्ट समाजाचं ‘वांशिक नृत्य’च, असं त्या सप्रमाण दाखवतात. कोणत्या नाचाला ‘शास्त्रीय’ म्हणायचं आणि कोणत्याला ‘लोक’, हे नाचात लिहिलेलं नसतं. लावणीची चौथी अदा पदम्‌मधल्या संचारीपेक्षा, म्हणजे एकच ओळ निरनिराळ्या अभिनयाने फुलवण्यापेक्षा, कशात कमी आहे?

आणि मंडळातली लावणी. आम्ही बारा जणी, सगळ्या समोर तोंड करून, एकाच वेळी एकच पदर उडवतो. आनंद खरा असतो, तो मी नाकारणार नाही. पण आमच्याकडे ओळ चार वेळा आली तर चारही वेळा तेच होतं. पुन्हा पुन्हा वेगळं करण्याची जागाच बसवताना काढून टाकली जाते. कातरवेळ, तुमच्यामुळे ते आज दिसलं.

पाणवठा

थोडक्यात. लावणी करणाऱ्या पुरुषांना विसरू नका. नाच्या, म्हणजे बाईच्या वेशात नाचणारा पुरुष, हे तमाशातलं जुनं पात्र, आणि आता केवळ पुरुषांनी केलेल्या लावण्यांचे कार्यक्रमही होतात. जुडिथ बटलर १९९० मध्ये म्हणाल्या की लिंगभाव म्हणजे पुन्हा पुन्हा करून घडवलेली गोष्ट. मी स्वतः मंचावर लावणी करतो. पदर सावरायला मला दोन वर्षं लागली. आई हसली, म्हणाली, मलाही लागलीच होती.

शेवंती

पाणवठा, आईंना नमस्कार सांगा.

‘अश्लील’वरून एक राहिलं. महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्सबार बंद केले तेव्हा मोठ्या तारांकित हॉटेलांना सूट होती. तीच गाणी, तेच नाच, फक्त बघणाऱ्याचा खिसा वेगळा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली, त्यात हा भेदभावही आला. स्वातंत्र्यानंतर लगेच तमाशावर बंदी आली आणि पुढे तो ‘सुधारण्या’च्या अटीवर उठली, तेव्हाही प्रश्न हाच होता: कोणाचं शरीर, कोणासमोर. वर्णनाचं एक पान मला मान्य आहे, कातरवेळ. त्यात खोलीचंही वर्णन हवं. तिकीट किती, बसलंय कोण, बायका कुठे बसल्यात, दार कुठे आहे.

कातरवेळ

घेतलं. वर्णनाच्या पानाला आता माझ्याकडे एवढं झालंय: शरीर, खोली, पैसा, कॅमेरा. पुढच्या आठवड्यात मुलांना तेच चित्रीकरण पुन्हा दाखवते, या वेळी आधी मी स्वतः बसून त्यांच्यासमोर चारही अदा करून दाखवेन, म्हणजे कमरेमागचा हात दिसेल. कथकच्या अंगाने होईल, पण होईल.

चौफुला_रोड, एक विचारायचं आहे. मी वर ‘मागे बसलेली गाणारी’ असं लिहिलंय. रात्री माझी वही काढली. अदा करणाऱ्या बाईवर साडेचार पानं आहेत. गाणारीवर एक ओळही नाही, नावसुद्धा नाही. चारही वेळा ओळ तिने घेतली होती. तिने चौथ्या वेळेला काही वेगळं केलं असेल का?

चौफुला_रोड

केलंच असणार ताई. गाणारी अदा बघूनच पुढची ओळ सोडते. समोरची पाठ सरळ करायला लागली की मागची लय जरा ओढून धरते, तिला श्वास घ्यायला मिळावा म्हणून. ढोलकीवाल्याला ते गाणारीच्या मानेवरून कळतं, आजोबा तिच्या मानेकडेच बघत वाजवायचे. चित्रीकरणात चेहरा मोठा दिसत असेल तर कान लावा, चौथ्यांदा ओळ लांबलेली ऐकू येईल.

कातरवेळ

ऐकली. लांबली आहे.